वीणा खाली ठेवायची नाही

लोक हिमालयात जातात, नर्मदेची परिक्रमा करतात, निदान काशीला तरी जाऊन येतात. मी रहाटणीहून निघालो आणि चाकणच्या पुढे, राजगुरुनगरला जाताना डावीकडे आत असलेल्या एका गावी जाऊन आठ दिवसांनी परत आलो. नकाशावर हे अंतर करंगळीच्या पेराएवढंही नाही. चाकणच्या चौकात किती वेळ गेला ते सांगून वाचकांचा जीव घेत नाही. वैराग्याचा पहिला झटका मला तिथेच आला, एवढं मात्र नोंदवून ठेवतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जो घोटाळा झाला त्यात गावाची काही चूक नव्हती.

मी का गेलो ते आधी सांगायला हवं. पंचवीस वर्षं मी आधी भोसरीत आणि नंतर चाकणला प्रॉडक्शन प्लॅनिंगला होतो. कुठला माणूस कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला उभा राहील, हे ठरवणारा तो मी. मग कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. त्यातली इच्छा कंपनीची होती, निवृत्ती माझी. पहिला आठवडा झोपलो. दुसऱ्या आठवड्यात घरातली कपाटं लावली, ती बायकोने तिसऱ्या आठवड्यात पुन्हा होती तशी लावली. मग सोसायटीच्या पार्किंगचा नवा आराखडा करून कमिटीला दिला, तेव्हा अध्यक्षांनी मला हात जोडून चहा पाजला आणि घरी पाठवलं. सवयीने पहाटे साडेपाचला जाग यायची. डोळे उघडले की लक्षात यायचं, आज दिवसभरात कुठेही, कुणीही आपली वाट बघत नाहीये. आता हसत सांगतोय, पण तेव्हा छातीवर कुणी तरी बसल्यासारखं व्हायचं आणि मी तसाच पंख्याकडे बघत पडून राहायचो.

अशातच सोसायटीच्या हॉलमध्ये एका महाराजांचं प्रवचन झालं. "प्रत्येक जण कशासाठी तरी जन्माला आलेला आहे. देव हाक मारतो, आपण ओ देत नाही," असं ते म्हणाले. हॉलमध्ये दीडशे माणसं होती, पण हे वाक्य आपल्यालाच उद्देशून आहे अशी माझी खात्री पटली. देव मला कशासाठी हाक मारत असेल यावर मी दोन दिवस विचार केला आणि उत्तर सापडलं: प्रवचनासाठी. पंचवीस वर्षं रोज सकाळी लाइनवर उभं राहून मी माणसांना उपदेश केला होता. प्रेस शॉपमध्ये कानात बोळे घातलेल्यांनाही माझा आवाज ऐकू जायचा. देवाने ही तयारी उगीच करून घेतली असेल का?

मी दोन पांढरे झब्बे आणि एक उपरणं घेतलं. 'सेवा आणि समर्पण' या विषयावर चाळीस पानी प्रवचन लिहिलं, मुद्दे क्रमांक घालून. बायकोला वाचून दाखवायला घेतलं, तर तिसऱ्या पानावर तिला गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. दूध ठेवलेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

आमच्या लाइनवर संतोष नावाचा एक ऑपरेटर होता. शेतकऱ्याचा मुलगा. थोडी जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, उरलेल्यात कांदा. त्याचा फोन आला. "साहेब, आमच्या गावाला सप्ताह बसतोय बुधवारी. आता तुमी मोकळेच हाय. या की ऱ्हायला." मोकळेच हाय, हे जरा लागलं. पण मी विचार केला, हाक अशीच येत असणार, आणि बॅग भरली.

बुधवार

ज्यांनी गावचा सप्ताह पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवळापुढे मांडव घालतात. सात दिवस सकाळी पारायण, संध्याकाळी पाठ, रात्री कीर्तन, दोन्ही वेळा गावजेवण, आणि आठव्या दिवशी काला. या सगळ्याच्या मध्यभागी असते वीणा. पहिल्या दिवशी ती गळ्यात घातली की काल्यापर्यंत खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की थेट दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्याकडे वीणा, त्याने दोन तास उभं राहून नाम घ्यायचं, याला पहारा म्हणतात. वीणा देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग ते बाप-लेक असोत नाही तर भांडलेले भाऊबंद. आणि ज्याच्या गळ्यात वीणा आहे त्याच्या पायावर मांडवात येणारा प्रत्येक जण डोकं ठेवतो, कारण तेवढा वेळ तो फक्त वीणेकरी असतो. त्या गावात कित्येक पिढ्यांत सप्ताहातली वीणा जमिनीला लागलेली नाही, असं संतोष मला चहा पिता पिता सांगत होता.

सप्ताहाचे प्रमुख तात्या, संतोषचे थोरले चुलते. ऐंशीच्या घरातले, ताठ, आणि डोळ्यांनी माणूस मोजणारे. मी पांढऱ्या झब्ब्यात त्यांच्यापुढे बसलो.

"कंपनीनं काढलं का तुमीच सोडली?" त्यांनी विचारलं. आमच्या रहाटणीत सातव्या मजल्यावर समोरच्या दारातल्या माणसाने सहा वर्षांत माझं नावही विचारलेलं नाही. इथे पाण्याच्या आधी हा प्रश्न आला.

"दोन्ही," मी म्हणालो.

"बरं. येतं काय तुमाला?"

"प्रवचन." मी पिशवीतून चाळीस पानं अर्धवट बाहेर काढली.

तात्यांनी पानांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बोलनारे लई हायेत, साहेब. हुबं ऱ्हानारं मानूस कमी पडतंय. उद्या दुपारी दोन ते चार वीणा घ्या."

पानं मी परत आत ढकलली. रात्रीच्या पंगतीत तिखटजाळ आमटी होती. आमटीत भाकरी कुस्करायची, मध्ये आळं करायचं आणि त्यात पुन्हा आमटी घ्यायची, अशी इथली पद्धत. माझं आळं एका बाजूने फुटलं आणि आमटी थेट मांडीवर आली. पहिला झब्बा गेला. शेजारचे आजोबा म्हणाले, "लाल शोभतंय तुमाला."

गुरुवार

संतोषच्या घराच्या गच्चीवरून एका बाजूला कांद्याची शेतं दिसतात आणि पलीकडे भामचंद्राचा डोंगर. दुसऱ्या बाजूला कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांच्या शेड, एकीला लागून दुसरी. पहाटे काकड्याचा टाळ आणि फर्स्ट शिफ्टच्या बसचा हॉर्न एकाच वेळी ऐकू येतो. बस देवळाच्या कोपऱ्यावरच थांबते. परतीच्या फेरीला नाइट करून उतरलेली पोरं बूट काढतात, नळावर पाय धुतात आणि तशीच मांडवात येतात. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, त्यावर वीणा. हे बघून मला उगाचच भरून आलं.

दुपारी दोनला माझा पहारा. वीणा दिसते त्यापेक्षा जड असते, आणि पहिल्या वीस मिनिटांनंतर आणखी जड होते. मी जोशात तारा छेडू लागलो. मांडवामागे चार चुली होत्या, तिथे बायका संध्याकाळच्या भाकरी करत. मध्ये नुसतं एक कापड बांधलेलं. कापडाआडून आवाज आला, "साहेब, तिला मारू नगा. नुसतं बोट लावा. ती बोलती आपसूक."

ही शेवंतामावशी, संतोषची आई. साठीची, लहानखुरी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. तिने सांगितलं तसं बोट लावलं, आणि तार खरोखरच वेगळी वाजली. दोन तास मी इकडे 'रामकृष्णहरी' म्हणत होतो आणि कापडाआड भाकरी थापताना ती तेच म्हणत होती. माझा सूर घसरला की तिचा थोडा मोठा व्हायचा. मी सावरलो की पुन्हा बारीक.

पहारा संपल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, तुम्हाला हे सगळं कसं येतं?"

"माझा बा वीणेकरी व्हता माहेरी. लहानपणी घरी मला धरू द्यायचा. हितं लग्न हून आले तवापास्नं चुलीपाशीच. हितं बायकांनी वीणा घ्यायची न्हाई." ती हे सांगताना भाकरी उलटत होती. तक्रार नव्हती त्यात, आज कोणती भाजी आहे हे सांगावं तसं सांगितलं.

शुक्रवार: मी सुधारणा करतो

उभं राहणं मला जमलं, आणि माणसाला एक गोष्ट जमली की त्याला लगेच दुसऱ्याची व्यवस्था सुधारावीशी वाटते. मी तात्यांना विचारलं, "पहाऱ्याचा तक्ता कुठे आहे?"

"तक्ता कशाला? दुपारचा पहारा वरच्या आळीचा. पहाटंचा खालच्या आळीचा. सांजचा मळ्यातल्यांचा."

"पण म्हणजे नक्की कोणाचा?"

"आळीचा. कोन येनार ती आळी बघंल."

मी हादरलो. पंचवीस वर्षं ज्या गोष्टीविरुद्ध लढलो तीच ही: जबाबदारी निश्चित नाही! देवाने मला इथे कशाला पाठवलं ते आता मला स्वच्छ दिसलं. प्रवचन हे निमित्त होतं. मी संतोषला बरोबर घेतलं, घरोघर हिंडलो, कोण कुठल्या शिफ्टला आहे ते विचारलं आणि रात्री जेवणाआधी तक्ता तयार केला. नाइटवाले झोपून उठतात म्हणून त्यांना दुपारी दोन ते चार. फर्स्टवाले तीनला सुटतात म्हणून त्यांना चार ते सहा. सेकंडवाले सकाळी मोकळे, म्हणून ते सकाळी. प्रत्येक चौकोनात एकाच माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर. तीन रंग. खाली माझी सही.

"कंपनीसारखंच झालं की, साहेब," संतोष म्हणाला. मी हे कौतुक समजलो.

तात्यांनी तक्ता लांब धरून वाचला. "ब्येस हाय. पन समजा ह्यो न्हाई आला, तर?"

"येणार, तात्या. नाव लिहिलंय ना!"

तात्यांनी तक्ता परत माझ्या हातात दिला. मी तो मांडवाच्या खांबाला लावला.

शनिवारी एकही पहारा चुकला नाही, अर्धा मिनिटसुद्धा. रविवारी तर सगळ्यांना सुट्टी, मांडव भरलेला, दुपारी मासवडी आणि रस्सा. मासवडीत मासा नसतो हे मला माहीत होतं, पण सारणातल्या लसणीचा अंदाज नव्हता. मी पाच खाल्ल्या आणि संध्याकाळच्या पाठात माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. तरी मी खुशीत होतो. जाता-येता खांबापाशी थांबून तक्ता बघत होतो. काल्याच्या दिवशी आपला सत्कार झाला तर नको-नको म्हणत किती वेळ मागे राहायचं, याचाही थोडा विचार करून ठेवला होता.

सोमवार

सोमवारी दोन ते चार मीच वीणा मागून घेतली. ज्याचं नाव होतं तो नाइटवाला बाराच्या सुमारास, जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन फोन करून म्हणाला, "साहेब, आज मी कंपनीत हाय." मला वाटलं असेल काही तरी ओव्हरटाइम. मीच उभा राहतो म्हणालो आणि मनातल्या मनात स्वतःच्या त्यागाची नोंद केली.

चार वाजले. चार ते सहा संतोषचं नाव होतं. संतोष आला नाही. सव्वाचार झाले. मांडवात मी, देव, आणि कोपऱ्यात ऐकू न येणारे एक आजोबा, त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. कापडाआड चुलींवर बायका. बाकी गाव रिकामं. तात्या कीर्तनकार महाराजांना आणायला राजगुरुनगरला गेलेले. मावशीने संतोषला फोन लावला, तो बंद. कंपनीत फोन गेटवर जमा करून घेतात, हा नियम आमच्याकडे मीच आणला होता.

"संतोष गेला कुठे?" मी विचारलं.

"कामाला. सेकंड हाय ना त्याची आजपास्नं."

"सेकंड? त्याची तर फर्स्ट आहे!"

"ती मागल्या आठवड्यात," कापडाआडून मावशी म्हणाली. "आज सोमवार, साहेब. पाळी फिरली."

वाचकांपैकी जे पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात त्यांच्या घरातलं शेंबडं पोरही हे सांगेल. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी शिफ्ट बदलते. नाइटवाले फर्स्टला येतात, फर्स्टवाले सेकंडला. पंचवीस वर्षं दर शनिवारी पुढच्या आठवड्याचे तक्ते मी स्वतःच्या हाताने लावले. आणि सप्ताहाचा तक्ता करताना पाळी फिरते हे विसरणारा या सबंध औद्योगिक पट्ट्यातला एकमेव माणूस गळ्यात वीणा घालून उभा होता. माझ्या तक्त्यातली दुपारची सगळी नावं आज कंपनीत होती, नाही तर चाकणच्या चौकात अडकलेल्या फर्स्टच्या बसमध्ये. आता नाइटला आलेली पोरं सकाळचा पहारा करून कांदा भरायला ओढ्यापलीकडच्या रानात गेलेली. त्यांना दुपारची काळजी नव्हती, कारण दुपारी दुसऱ्याचं नाव होतं. वरच्या आळीतही कुणाला काही वाटलं नाही. पहारा आता आळीचा नव्हता, तो कागदाचा होता.

मावशीने रानाकडे निरोप धाडला. निरोप पोचून माणूस यायला तास तरी लागणार होता.

आता एक नाजूक गोष्ट सांगायची आहे. मला साखरेचा त्रास आहे. त्यात तीन वाजता एका बाईने प्रेमाने ताक आणून दिलं होतं, दोन पेले. साडेचारला मी एका पायावरून दुसऱ्या पायावर येऊ लागलो. पावणेपाचला नामाचा वेग वाढला. पोटऱ्या भरून आल्या होत्या, खांदा बधिर झाला होता, पण ते सगळं सोसलं असतं. हे सोसण्यासारखं नव्हतं. शाळेच्या मागे शौचालय होतं, जेमतेम शंभर पावलांवर. वीणा गळ्यात घालून तिथे जाता येत नाही, हे सांगायला शास्त्र लागत नाही.

समोर व्यासपीठ होतं, त्यावर पांढरी गादी. गादी म्हणजे काही जमीन नव्हे. आजोबांनी डोळे मिटले होते. बायका कापडाआड होत्या. दोन मिनिटांचं काम, आणि कुणालाही कधीही कळलं नसतं. सेवा आणि समर्पण या विषयावर चाळीस पानं लिहिणाऱ्या गृहस्थाने गळ्यातला पट्टा सैल केला. मी खोटं कशाला बोलू, मी गादीच्या दिशेने दोन पावलं टाकली होती.

"साहेब."

मावशी कापड बाजूला सारून उभी होती. हात कोपरापर्यंत पिठाचे. तिने गादीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या तीन पिढ्यांची अब्रू गेली.

"मावशी, मला खरंच थांबता येत नाहीये," मी म्हणालो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यातलं किती लाजेचं आणि किती ताकाचं, ते सांगता येणार नाही.

मागच्या तीन चुलींवरच्या बायकांचे हात थांबले. मावशी म्हणाली, "मला द्या."

"चालतं का?"

"चालत न्हाई," ती म्हणाली. "पन खाली ठेवल्याली तरी कुटं चालती?"

ती हात धुवायला गेली. कोपरापासून बोटांपर्यंत, नखातलं पीठ काढून काढून तिने हात धुतले. मग पाय धुतले. मग चूळ भरली. मी मांडवात नाचत होतो, पण तिला घाई कर म्हणायची माझी छाती झाली नाही. डोक्यावरचा पदर नीट करून ती समोर आली. मी वीणा तिच्या गळ्यात घातली. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी तिच्या पाया पडलो, आणि उठलो तो थेट शाळेच्या मागे पळत सुटलो. इतक्या पवित्र क्षणापासून इतक्या वेगाने पळालेला माणूस त्या गावाने पाहिला नसेल.

परत आलो तेव्हा मांडवाच्या बाहेरच थांबलो. आत कुणी तरी वेगळंच गात होतं. ते मला चार दिवस कापडाआडून ऐकू येणारं गाणं नव्हतं. डोळे मिटलेले, बोट तारेवर जेमतेम टेकलेलं, आणि आवाज सगळ्या मांडवात भरलेला. लग्न होऊन आल्यापासून ती हे भाकरीच्या आवाजाखाली दाबून म्हणत आली होती. मी हाक ऐकल्याला जेमतेम महिना झाला होता आणि तेवढ्यात झब्बे घेऊन झाले होते. हिला हाक आली तेव्हा ही नऊ-दहा वर्षांची असेल. मला तिचा हेवा वाटला, आणि मग हेव्याचीही लाज वाटली.

मी पुढे होऊन वीणेसाठी हात केला. तिने डोळे उघडले, मान हलवली आणि हनुवटीने मागे खूण केली. तिच्या तव्यावर एक भाकरी कोळसा होऊन धूर काढत होती. परातीत पीठ मळून पडलेलं. संध्याकाळी सगळं गाव जेवायला येणार आणि चार चुलींतल्या एका चुलीपाशी माणूस नव्हतं. मी कापडाच्या पलीकडे गेलो.

बायका हसून हसून बेजार झाल्या. थापलेली माझी पहिली भाकरी पाहून एक जण म्हणाली, "ह्यो कंचा जिल्हा?" थापायचं काम तिने काढून घेतलं आणि मला फक्त भाजायला बसवलं. ती थापून टाकणार, मी पाणी फिरवायचं, उलटायची, मग निखाऱ्याला उभी करायची. बोटं तीनदा भाजली. धुराने डोळे चुरचुरत होते.

सहाच्या सुमारास चौकातून सुटलेली फर्स्टची बस आली, रानातली माणसं आली, आणि त्यांच्या मागोमाग महाराजांना घेऊन तात्या. मांडवाच्या तोंडाशी सगळे थबकले. मी उलथनं हातात घेऊन कापडाच्या फटीतून बघत होतो. चूक माझी होती आणि बोलणी ती खाणार होती. बाहेर जाऊन सांगावं म्हणून मी उठलोही.

मावशीने थोरल्या दिरांना पाहिलं. पदर आणखी पुढे ओढला, पण नाम थांबवलं नाही आणि वीणाही सोडली नाही. त्या घरात तिने तात्यांपुढे कधी मान वर केलेली नव्हती, आजही केली नाही. फक्त उभी राहिली.

तात्या पुढे आले. तिच्यापासून दोन हातांवर थांबले. मग काठी शेजारच्याकडे दिली, गुडघ्यांवर हात टेकवत सावकाश खाली वाकले आणि धाकट्या भावाच्या बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं. वीणेकऱ्याच्या पाया पडायचं असतं. त्यांनी नियम पाळला.

उठताना त्यांना दोघांनी धरलं. "शेवंता, दमलीस का?" त्यांनी विचारलं. माझ्या शेजारच्या बाईने तोंडाला पदर लावला. तात्यांनी तिला नावाने हाक मारलेली त्या बायकांनी कधी ऐकलीच नव्हती.

"न्हाई, भावजी," ती म्हणाली. "आठपतुर हुबी हाय मी."

मग एकेक माणूस येऊन तिच्या पाया पडू लागला. काही जण पडले नाहीत. दोघे-तिघे बाहेर जाऊन तंबाखू मळत कुजबुजत उभे राहिले, तेही सांगायला हवं. तात्या खांबापाशी गेले, माझा तीन रंगांचा तक्ता काढला, घडी घातली आणि कापड सारून माझ्या हातात दिला.

"चुलीला घाला, साहेब. आन उद्याचा दुपारचा पहारा वरच्या आळीला सांगून या."

मी घातला. चांगला पेटला.

आठला मावशीने वीणा दिली. त्या गावात बायका सगळ्यांच्या शेवटी जेवतात, पण त्या दिवशी चुलींवरच्या बायकांनी तिला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. मी भाकऱ्यांची पाटी घेऊन वाढायला निघालो. तिच्यापुढे थांबून ताटात एक भाकरी टाकली. "मावशी, कसं वाटलं?" असं काही तरी मी विचारलं.

"खांदा धरलाय," ती म्हणाली. तिने भाकरी मोडली, आतून बघितली. "ही तुमी भाजली?"

"हो."

"कडंला कच्ची हाय." तरी तिने ती आमटीत कुस्करली आणि खाऊ लागली. चार घास झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "वरच्या आळीकडनं उद्या दोनला पुन्यांदा मी हाय. भावजींनी सांगितलंय. माझ्या चुलीपाशी तुमी बसा. येळंवर या, मला मागं वळून बघाया लावू नगा."

मी हो म्हणालो, प्रेस शॉपमध्ये कुणालाही ऐकू गेलं नसतं इतकं हळू. पाटी घेऊन घाईघाईने पुढच्या माणसाकडे वळलो.

मंगळवारी पावणेदोनला हात धुऊन मी तिच्या चुलीपुढे बसलो होतो.